आठ पौंडांचे गद्य

काही वर्षांपूर्वी एका संपादकांकडे मी एक टिपण पाठवले होते. विषय होता जॅक ओ'कॉनर या अमेरिकन लेखकाचे बंदुकांविषयीचे लेखन. टिपण परत आले. सोबत दोन ओळी होत्या : विषय रंजक आहे, परंतु बंदुकीचा दस्ता हा साहित्यसमीक्षेचा विषय होऊ शकत नाही. संपादकांचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्यांचा आक्षेप बरोबरच असावा असे मलाही बराच काळ वाटत राहिले. पण ओ'कॉनरची पुस्तके काही मी बाजूला ठेवू शकलो नाही. तेव्हा हा लेख म्हणजे त्या दोन ओळींना उशिरा दिलेले उत्तर आहे. उत्तर शोधताना ज्याची वकिली करायला निघालो त्याच्याविषयीचे माझे मतही काहीसे बदलले.

मी शिकारी नाही. शाळेत असताना एनसीसीत .२२ ची पाच काडतुसे झाडली, त्यातली दोन कागदाला लागली, एवढाच माझा बंदुकीशी आलेला संबंध. शिक्षण आयटीआयपर्यंत. सत्तावीस वर्षे फिटर म्हणून नोकरी केली. वडील सुतार. त्यांना आम्ही आण्णा म्हणत असू. कराडच्या पश्चिमेला, पाटण खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर ते कामाला जात. तिथे त्या वेळी एसटी पोचत नव्हती. त्यामुळे अवजारांची पिशवी खांद्याला अडकवून तीनतीन तास चढ चढायचा. त्या पिशवीतले प्रत्येक अवजार आण्णांनी कमी केलेले होते. रंध्याचे लाकूड दोन्ही अंगांनी तासलेले, हातोडीचा दांडा आखूड केलेला, करवतीच्या मुठीला भोके पाडलेली. लहानपणी मला त्या मोडक्या वस्तू वाटायच्या. पुढे पुण्यात जुन्या पुस्तकांच्या एका गाड्यावर ओ'कॉनरचे 'द रायफल बुक' (१९४९) हाती लागले आणि शब्दकोश उघडून ते वाचू लागलो, तेव्हा डोंगरावर न्यायच्या बंदुकीतून वजन कुठून काढावे आणि कुठून काढू नये याची चर्चा मला फार ओळखीची वाटली.

मराठी वाचकाला शिकारकथा म्हटले की जिम कॉर्बेट आठवतो. तालुक्याच्या वाचनालयात कॉर्बेटचे भाषांतर हमखास असायचे. ओ'कॉनर आपल्याकडे फारसा पोचला नाही. म्हणून त्याची थोडी ओळख करून देतो. जन्म १९०२, ॲरिझोनातले टेंपी. तेव्हा ते वाळवंटाच्या कडेचे लहानसे गाव होते. आईवडील विभक्त झालेले. आईच्या वडिलांनी त्याला बंदूक धरायला शिकवली. या बालपणाविषयी त्याने पुढे 'हॉर्स अँड बगी वेस्ट' (१९६९) हे आत्मकथन लिहिले. तो शिकला इंग्रजी साहित्य. टूसॉनच्या ॲरिझोना विद्यापीठात पत्रकारिता शिकवली, १९४५ साली ती नोकरी सोडली. १९४८ पासून आयडाहोतल्या लुइस्टन या गावी राहिला. 'आउटडोअर लाइफ' या मासिकात बंदुकांचे सदर त्याने सुमारे तीस वर्षे चालवले. पण त्याआधी तो कादंबरीकार होता. 'काँक्वेस्ट' (१९३०) आणि 'बूम टाउन' (१९३८) या त्याच्या दोन कादंबऱ्या. आज त्या कुणी वाचत नाही.

यावरून एक सोपा निष्कर्ष काढता येतो, आणि तो काढलाही जातो : एका होऊ घातलेल्या कादंबरीकाराला पोटासाठी बंदुकांवर लिहावे लागले आणि साहित्याचे नुकसान झाले. मला हे पटत नाही. त्याचे सर्वांत चांगले गद्य त्याच्या कादंबऱ्यांत नाही आणि शिकारीच्या वर्णनांतही नाही. दुकानातून आणलेली एक साधी बंदूक डोंगरासाठी कशी बदलली, हे तो सांगतो, तिथे ते सापडते. शिकारकथेचा शेवट ठरलेला असतो. मेंढा पडतो, किंवा निसटतो आणि दुसऱ्या दिवशी पडतो. बंदूक बदलण्याच्या गोष्टीत मात्र काहीच ठरलेले नसते. तिथे प्रत्येक पावलाला एक निवड असते, आणि चुकलेली निवड परत घेता येत नाही. तासलेले लाकूड पुन्हा वाढत नाही. लेखकाची कसोटी लागते ती अशा ठिकाणी.

आता ती बंदूक काय होती ते पाहू. विंचेस्टर कंपनीने १९२५ साली 'मॉडेल ५४' या बंदुकीबरोबर .२७० हे नवे काडतूस बाजारात आणले. ओ'कॉनरने ते लगेच घेतले आणि जन्मभर त्याचा पुरस्कार केला. १३० ग्रेन, म्हणजे जेमतेम साडेआठ ग्रॅमची गोळी, पण वेग सेकंदाला तीन हजार फुटांच्या वर. याचा डोंगरात होणारा उपयोग असा : बंदूक शंभर वारांवर तीन इंच उंच लागेल अशी बसवून घ्यायची. मग गोळी आधी नजरेच्या रेषेच्या किंचित वरून जाते, पावणेतीनशे वारांच्या सुमारास रेषेवर येते आणि तीनशेलाही फार खाली उतरत नाही. एवढ्या पल्ल्यात अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी चालतो. धापा टाकत कड्यावर पोचलेल्या माणसाला हिशेब करायला वेळ नसतो. तो हिशेब घरी, आधीच करून ठेवायचा. ओ'कॉनरच्या लेखनाचा हाच मुख्य गुण आहे. धांदलीत सुचणार नाही ते सगळे आधी ठरवून ठेवणे, आणि का ठरवले ते वाचकाला साध्या शब्दांत सांगणे.

मॉडेल ५४ नंतर १९३० च्या दशकात 'मॉडेल ७०' आली. तिची नेहमीची नळी चोवीस इंची. १९५२ साली कंपनीने तिची 'फेदरवेट', म्हणजे पिसासारखी हलकी, आवृत्ती काढली. नळी बारीक आणि बावीस इंची, चापाभोवतीचे कडे आणि काडतुसांच्या कप्प्याचे झाकण पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचे. ओ'कॉनरने अशी एक बंदूक लुइस्टनच्या हार्डवेअरच्या दुकानातून विकत घेतली. तिच्यात खास काही नव्हते. दुसऱ्या कुणीही तीच घेतली असती. ती त्याने वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन या शहरी ॲल बीसन या कारागिराकडे दिली. बीसनने त्याच्यासाठी आधीही बंदुका केल्या होत्या. ओ'कॉनरने डोंगरात वापरलेल्या दोन .२७० बंदुका त्याच्या वाचकांत एक नंबर आणि दोन नंबर अशा ओळखल्या जातात. ही दोन नंबरची. बीसनने तिला फ्रेंच अक्रोडाचा नवा दस्ता केला. वर चारपट मोठे दाखवणारी लहान दुर्बीण बसली. सगळे मिळून वजन आठ पौंडांच्या आसपास.

दस्ता बदलणे म्हणजे नेमके काय, हे इथे थोडे सविस्तर सांगतो. ओ'कॉनरच्या गद्याची किंमत कळायला ते लागते, आणि मला त्यात रस आहे हेही लपवत नाही. अक्रोडाच्या फळीतून दस्ता काढताना आधी रेषा पाहतात. मनगटाच्या जागी, जिथे हाताची पकड येते आणि दस्ता सर्वांत बारीक असतो, तिथे रेषा सरळ आणि पकडीच्या दिशेनेच धावली पाहिजे. आडवी गेली तर बंदुकीच्या धक्क्याने दस्ता तिथेच फुटतो. लाकडातली लहरदार नक्षी हवी असेल तर ती मागच्या रुंद भागात यावी. मग लोखंड लाकडात बसवायचे. लोखंडाला काजळी फासतात, लाकडात दाबतात, उचलतात. लाकडावर जिथे काळे उमटले तिथे ते टेकते, म्हणून तेवढेच खरवडायचे. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. हे शेकडो वेळा. आम्ही फिटर लोक लेथच्या बेडला निळा रंग लावून घासकाम करतो ते हेच. घाई केली की एका जागी जास्त निघते, तिथे पोकळी राहते आणि मग लोखंड दुसरीकडे टेकू लागते. बंदुकीच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की गोळी दर वेळी वेगळीकडे जाते.

शिवाय लाकूड मेल्यावरही जिवंत असते. पावसाळी हवेत फुगते, कोरड्या हवेत आटते, पिळते. समुद्रकाठच्या शहरात नेम बसवून घेतलेली बंदूक दहा हजार फुटांवर बर्फात नेली की दस्ता नळीला एका बाजूने रेटू लागतो. तोवर तिथे पोचायला आठवडा गेलेला असतो. डोंगरासाठी बंदूक बदलणे म्हणजे ती हलकी करणे, अशी समजूत असते. ती डोंगरावरही तशीच राहील असे पाहणे, हा त्यातला अधिक अवघड भाग आहे. आपल्याकडच्या दाराच्या चौकटी पावसाळ्यात कशा अडकतात हे ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

वजन कमी करण्याच्या जागा ठरलेल्या असतात. नळी बारीक करा, आखूड करा. नळीखालचे लाकूड आतून पोखरा. खांद्याला टेकणाऱ्या पट्टीमागे दस्त्यात भोके पाडा. दुर्बीण आहे तर लोखंडी माशी कशाला, ती काढा. बोल्टची मूठ पोकळ करा. प्रत्येक ठिकाणी औंसा-दोन औंसाची बचत. ओ'कॉनरचे वेगळेपण असे की तो एका टप्प्यावर थांबतो. आठ पौंडांच्या खाली फार उतरू नका, असा त्याचा रोख आहे. कारण उघड आहे. चढ चढून छाती भात्यासारखी हलत असताना फार हलकी बंदूक हातात ठरत नाही. तिच्या नळीचे टोक काडीसारखे थरथरते. थोडे वजन, आणि तेही पुढच्या हाताकडे असेल, तर ते थरथरणे गिळून टाकते. दुसरे कारण धक्क्याचे. तेच काडतूस आठऐवजी पाच पौंडांच्या बंदुकीतून झाडले तर खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. धक्क्याच्या भीतीने माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो. म्हणजे चालताना जे ओझे असते तेच नेम धरताना आधार होते. ते कुठे ओझे आणि कुठे आधार, हे ओळखणे हेच या विद्येचे मर्म आहे.

मी हे वाचले तेव्हा मला त्याच्या वाक्यांकडे पुन्हा पाहावेसे वाटले. त्याची वाक्येही आठ पौंडांचीच आहेत. हेमिंग्वेच्या पिढीतला हा माणूस, पण त्याने वाक्य हाडापर्यंत खरवडलेले नाही. थोडी चेष्टा, थोडा स्वतःवरचा विनोद, एखादे विशेषण तो राहू देतो. मात्र ते अशा जागी असते की वाक्य हातात ठरते. त्याच्या दोन कादंबऱ्यांत हा तोल नाही. तिथे प्रसंगांचे वजन त्याला पेलत नाही आणि मग तो वर्णनाने ते सावरू पाहतो. वस्तू समोर असली की त्याचे भान सुटत नाही. माणसे समोर आली की सुटते. हा दोष आहे, आणि पुढे तो मोठा होत जातो.

अलंकरणाविषयीची त्याची मते कडक होती. त्या काळी कॅलिफोर्नियाकडून एक चाल आली होती. दस्त्याचा गालाकडचा भाग उंच वळवलेला, दोन लाकडांच्या सांध्यात पांढऱ्या पट्ट्या, आरशासारखे चकचकीत पॉलिश. ओ'कॉनरला हे भडक वाटे. दस्ता सरळ असावा, तेलाने मुरवलेला असावा, पकडीच्या जागी बारीक जाळीदार खाचकाम असावे. घामेजलेल्या किंवा बर्फाने ओल्या हातातून बंदूक निसटू नये, हा त्या खाचकामाचा उपयोग. इथवर सगळे तर्कशुद्ध. पण बीसनचे खाचकाम नुसते उपयोगाचे नव्हते. त्याच्या जाळीला फ्लर-द-ली म्हणतात त्या फ्रेंच कमळाची नक्षी असे. पकडीला त्या कमळाचा काही उपयोग नाही. दहा हजार फुटांवर ते कुणी पाहणारही नाही. तरी ते तिथे आहे, आणि साधेपणाचा एवढा आग्रह धरणाऱ्या ओ'कॉनरने ते आनंदाने मिरवले. मला ही विसंगती आवडते. कारागिराने आपली खूण करायची जागा मागून घेतली आणि मालकाने ती दिली. आण्णांच्या तासलेल्या रंध्यावरही एका बाजूला एक पान कोरलेले होते.

त्याचा प्रसिद्ध प्रतिस्पर्धी एल्मर कीथ (१८९९–१९८४). तोही आयडाहोचाच, सॅमन गावचा. कीथचे म्हणणे, गोळी मोठी आणि जड हवी. ओ'कॉनरचे म्हणणे, हलकी, वेगवान आणि नेमकी जागी बसलेली. मासिकांतून हा वाद वर्षानुवर्षे चालला. आपल्याकडच्या वाङ्मयीन वादांसारखाच तो अर्धा तत्त्वाचा आणि अर्धा स्वभावाचा होता. त्यात इथे अधिक शिरत नाही.

१९६४ साली एक घटना घडली, ती मात्र समीक्षकाच्या कामाची आहे. विंचेस्टरने खर्च वाचवण्यासाठी मॉडेल ७० ची रचना बदलली. काडतूस घट्ट धरून आत नेणारा बोल्टवरचा लांब आकडा काढून टाकला. दस्त्यावरचे हाताने कापलेले खाचकाम जाऊन तिथे यंत्राने दाबलेला ठसा आला. ओ'कॉनरला ती पसंत पडली नाही, गिऱ्हाइकांनाही नाही. तेव्हापासून 'चौसष्टच्या आधीची' हा शब्दप्रयोग बंदुकांच्या बाजारात मंत्रासारखा वापरला जातो. जुनी फेदरवेट ही आता संग्राहकाची वस्तू झाली आहे. त्यातून एक पेच निर्माण झाला. ती मूळ स्वरूपात असेल तर किंमत मोठी. तिचा दस्ता बदलला, नळी कापली, एखादे जादा भोक पाडले की संग्राहकाच्या लेखी ती बाद. म्हणजे ओ'कॉनरने जे केले ते आज कुणी केले तर त्याला वेड्यात काढतील. बीसनसारख्या नामांकित हाताचा दस्ता असेल तर गोष्ट वेगळी, मग तो बदलच नवे मूळ ठरतो.

जुन्या पोथ्यांवर काम करणाऱ्यांना हा पेच नवा नाही. एक पोथी कपाटात राहिली, कोरी राहिली. दुसरी रोज वाचली गेली, कुणी समासात अर्थ लिहिला, कुणी फाटके पान आपल्या अक्षरात पुन्हा उतरवले. पाठ शोधणाऱ्याला पहिली हवी असते. त्या ग्रंथाचे आयुष्य शोधणाऱ्याला दुसरी. माझी स्वतःची सगळी पुस्तके पेन्सिलीने भरलेली आहेत, तेव्हा माझे मत कुठे झुकणार हे वाचकाने ओळखले असेलच. जी बंदूक डोंगरावर न्यायची म्हणून बनवली, ती कारखान्यातून निघाली तशी काचेमागे ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही. पण हे मत जिथे संपते तिथूनच माझी अडचण सुरू होते. बंदूक डोंगरावर नेतात ती कशासाठी?

उत्तर अमेरिकेत रानमेंढ्यांचे चार प्रकार शिकारी मानतात. उत्तरेकडचा पांढरा डॉल, काळसर स्टोन, रॉकी पर्वतातला बिगहॉर्न आणि वाळवंटी बिगहॉर्न. ओ'कॉनरने चारही मारले, काही पुन्हापुन्हा. त्याच्या 'शीप अँड शीप हंटिंग' (१९७४) या पुस्तकात या प्राण्यांविषयीचे ज्ञान आणि प्रेम दोन्ही आहेत. ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण त्या पुस्तकाच्या बाजूला आता एक आकडा ठेवा. पूर्ण वाढलेल्या बिगहॉर्न नराची शिंगे तीस पौंडांपर्यंत भरू शकतात. पिळदार, जाडजूड, डोक्याभोवती पूर्ण वेढा घेतलेली ती शिंगे भिंतीवर लावायला हवी असतात. म्हणजे चढताना बंदुकीतून औंस औंस करून दीड-दोन पौंड काढायचे, आणि उतरताना शिंगांचे तीस पौंड खांद्यावर घ्यायचे. मांसाचे वेगळे.

आणि खांदा कुणाचा? कॅनडातल्या युकॉन आणि ब्रिटिश कोलंबियातल्या त्या मोहिमा आठवडेच्या आठवडे चालत. घोड्यांचा तांडा, तंबू, पिठाची पोती, स्वयंपाकी, वाटाडे. वाटाड्यांत तिथले मूळ रहिवासीही असत. ओ'कॉनर त्यांच्याविषयी तुच्छतेने लिहितो असे नाही. त्यांच्या नजरेचे, चालण्याचे तो कौतुक करतो. पण बंदुकीच्या मनगटाला जितकी पाने मिळतात तितकी त्यांना मिळत नाहीत. आठ पौंडांची ती तोललेली बंदूक एका मोठ्या तांड्याच्या टोकाला आहे. तांड्याचे वजन कधी हिशेबात आलेच नाही. मघाशी मी म्हटले की माणसे समोर आली की त्याचे भान सुटते, ते या अर्थाने. जो लेखक प्रत्येक औंसाचा जाब विचारतो, त्याने हा जाब विचारलेला नाही.

इथे कॉर्बेट शेजारी ठेवून पाहावा. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर जॉन हेवेट यांनी कॉर्बेटला .२७५ रिग्बी ही बंदूक भेट दिली. दस्त्यावर चांदीची पट्टी, पट्टीवर मजकूर कोरलेला. हीदेखील हलकी, डोंगरात वागवायला सोपी बंदूक, आणि तिचे काडतूस म्हणजे ७ × ५७ माउझरच, इंग्रजी नावाने. योगायोग असा की ओ'कॉनरची पत्नी एलेनॉर, जी स्वतः उत्तम शिकारी होती, तिचे आवडते काडतूस हेच. पण कॉर्बेट आपल्या बंदुकीविषयी किती थोडे लिहितो! ती आहे, ती घेऊन तो निघाला, एवढेच. १९२६ साली रुद्रप्रयागच्या बिबट्यासाठी तो गुलाबराईच्या आंब्यावर बसला तेव्हा बंदुकीला विजेचा टॉर्च जोडलेला होता. हा त्याने केलेला बदल, आणि तोही तेवढ्या कामापुरता. गोळी सुटली त्याच क्षणी टॉर्च विझला. कॉर्बेटचे सगळे लक्ष खाली बांधलेल्या शेळीच्या गळ्यातल्या घंटेकडे आणि त्या रस्त्याने जाणाऱ्या यात्रेकरूंकडे आहे. त्याच्या गोष्टीत बंदुकीपेक्षा गावाला जास्त जागा आहे. अर्थात त्याचे काम वेगळे होते. त्याला बोलावणे आलेले असे. ओ'कॉनरला डोंगरावर कुणी बोलावलेले नव्हते.

एवढ्यावरून कॉर्बेट मोठा आणि ओ'कॉनर छोटा, असा निकाल देणे सोपे आहे. ते मला करायचे नाही. कॉर्बेटच्या बाबतीत आपली सहानुभूती आयती मिळते, कारण समोर नरभक्षक आहे. ओ'कॉनर आपल्याला तशी सोय देत नाही. तो सरळ सांगतो की मला हे आवडते म्हणून मी जातो. मराठी वाचकाला हे जड जाते. आपल्याकडे शिकारीविषयीचे चांगले लेखन बंदूक खाली ठेवल्यानंतर सुरू होते. उमेदीत शिकार केलेले व्यंकटेश माडगूळकर 'नागझिरा' लिहितात तेव्हा त्यांच्या हातात वही असते. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तो प्रश्न कायद्यानेच मिटवला. त्याच वर्षी ओ'कॉनर 'आउटडोअर लाइफ'मधून बाहेर पडला, पण बंदूक त्याने खाली ठेवली नाही. त्याआधी तो भारतातही वाघासाठी येऊन गेला होता. त्याच्या जुन्या छायाचित्रांत तो वाघ पाहताना मला पान उलटावेसे वाटते, आणि मी उलटतो.

जानेवारी १९७८ मध्ये हवाईहून परतताना जहाजावर त्याचा मृत्यू झाला. पुढच्या दशकात कृत्रिम धाग्यांचे दस्ते आले. ते फुगत नाहीत, पिळत नाहीत, आणि पाच पौंडांच्या बंदुका सहज मिळू लागल्या. तो ज्या अडचणींवर लिहीत होता त्यातल्या अर्ध्या मिटल्या. लिहिलेले मात्र शिळे झाले नाही, आणि म्हणूनच त्या संपादकांना मी म्हणेन की ते साहित्य आहे. नुसती माहिती असती तर दस्त्याबरोबर तीही मोडीत निघाली असती. मात्र या साहित्यात हिशेब अर्धाच मांडलेला आहे, हे मी पहिल्या टिपणात लिहिले नव्हते. तेव्हा मला ते दिसले नव्हते.

ते दिसले आण्णांमुळे. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांना ओ'कॉनर वाचून दाखवत असे, मराठीत सांगत सांगत. अक्रोडाच्या रेषेचे, काजळीचे त्यांना फार आवडले. मनगटाची रेषा आडवी गेली तर काय होईल ते मी सांगण्याआधीच त्यांनी सांगितले. मग मी विचारले, "आण्णा, तुम्ही पण सगळी अवजारं तासली होती. चढ फार होता म्हणून?"

"चढाचं काय," आण्णा म्हणाले, "चढायला दम धरून चढता येतं. येताना लोक नाचणी द्यायचे मजुरीची. पायलीभर, कधी दोन पायल्या. ती घ्यायला खांदा मोकळा नको का?"

आण्णा गेले. पिशवी आमच्याकडे आहे. मध्यंतरी घरच्या काट्यावर मी ती वजन करून पाहिली. अवजारांसकट साडेतीन किलो भरली, म्हणजे आठ पौंडांना थोडी कमी.